भीमेच्या माशांची मराठी नावं जगभर नेणारा कर्नल

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारनं त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. गावं, पिकं मोजता मोजता त्यांनी पक्षी, मासे आणि हवामान यांच्याही नोंदी ठेवल्या. १८३१ मध्ये ते मायदेशी परतले. १८३५ मध्ये दख्खनच्या हवामानावरचा आणि १८३९ मध्ये माशांवरचा त्यांचा निबंध छापून आला. पुढं ते कंपनीचे अध्यक्ष झाले, खासदारही झाले.

आपल्यासाठी मोलाचं काम मात्र माशांचं. शिंगाळा, कोळस, नुक्ता ही इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्यांनी शास्त्रीय नावांतही कायम ठेवली.

भीमा-कृष्णेतले कितीतरी मासे पावसाळ्यातल्या पुरात अंडी घालतात. शेवाळ आणि किड्यांवर पिलं वाढतात, पिलांवर शिंगटीसारखे मोठे मासे. पाऊस लांबला, की विणीचं वेळापत्रक बिघडतं. पाणी तापलं, की त्यातला प्राणवायू घटतो. वर धरणं वाट अडवतात ती वेगळीच. नुक्ता तर आता दुर्मिळच झालाय.

भीमा महाराष्ट्रातून कर्नाटकात जाते, माशांना सीमा कुठली! नदीनं काय गमावलं हे दोन्ही राज्यांना ताडून बघायचं असेल, तर साइक्स यांची जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची यादी आजही हाताशी आहे.