हरिश्चंद्र बिराजदार

हरिश्चंद्र बिराजदार (१९५० – सप्टेंबर २०११) हे मराठवाड्यातील नामवंत मल्ल व कुस्ती प्रशिक्षक होते. १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक विजेते असलेले बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीचे वस्ताद म्हणून ओळखले गेले. शिष्य व कुस्तीशौकीन त्यांना मामा म्हणत.

कारकीर्द

बिराजदार निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. त्यांच्या जन्मावेळी हा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो उस्मानाबादला जोडला गेला आणि १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्यात आला. मराठवाड्यातील होतकरू मल्लाला त्या काळी कोल्हापूरची वाट धरावी लागे. बिराजदारही तेथील गंगावेश तालमीत घडले.

१९६९ चे महाराष्ट्र केसरी अधिवेशन लातूरला भरले. आपल्याच मुलखात, विशीच्या आत, त्यांनी मानाची गदा पटकावली. पुढल्याच वर्षी एडिनबर्ग येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ८२ किलो वजनगटात त्यांना सुवर्णपदक मिळाले. मातीतल्या मल्लासाठी ही मजल साधी नव्हती. मातीवरची कुस्ती बहुधा चीतपटीनेच निकाली निघे. मॅटवर मात्र ठरावीक वेळ आणि गुणांचा हिशेब असे. १९७७ साली बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांना पराभूत केले. महाराष्ट्रातील कुस्तीशौकिनांत या लढतीची चर्चा त्यांच्या सुवर्णपदकाहूनही अधिक होते. रुस्तम-ए-हिंद हा किताबही त्यांच्या नावावर आहे.

प्रशिक्षक

निवृत्तीनंतर अनेक मल्लांचे नाव आखाड्याच्या आठवणींपुरते उरते. बिराजदारांचे तसे झाले नाही. गोकुळ वस्ताद तालमीत त्यांच्याकडे खेड्यापाड्यांतून मुले येत. घर सोडून आलेल्या मुलाला वस्ताद केवळ डावपेच शिकवून भागत नाही. पहाटेची मेहनत, जोर-बैठका, खुराक, दुखापत आणि घरची ओढ या साऱ्यांकडे त्यालाच पाहावे लागते. आईच्या भावाचे नाते सांगणारे मामा हे संबोधन त्यांच्या बाबतीत केवळ आदरार्थी राहिले नाही, ते यामुळेच.

लातूर जिल्ह्यातीलच काका पवार हे त्यांचे शिष्य. ते ग्रीको-रोमन प्रकारात नावारूपाला आले आणि अर्जुन पुरस्काराचे मानकरी ठरले. या प्रकारात प्रतिस्पर्ध्याचे पाय धरण्यास मनाई असते, म्हणजे मातीतल्या कुस्तीचे अर्धे डाव तेथे निरुपयोगी ठरतात. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे कोवळ्या वयात बिराजदारांकडे आले. २००८ साली पुण्यात झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत आवारे यांनी सुवर्णपदक जिंकले, ते बिराजदारांच्या हयातीत. २००६ साली बिराजदारांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला होता.

बिराजदारांच्या निधनानंतर आवारे काका पवार यांच्याकडे सराव करू लागले. एका शिष्याचे शिक्षण दुसऱ्या शिष्याने पुढे नेले. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत आवारे यांनी ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी यांना १५–७ असे हरवले आणि ते सुवर्णपदक आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले. बिराजदारांच्या एडिनबर्गच्या पदकाला तेव्हा ४८ वर्षे होत आली होती.