गुण्या आणि भाला : प्रेषित थॉमस यांचे चरित्र

गाभाऱ्यात उभे राहिले की मूर्ती कोणाची, हे आपण तिच्या हातांवरून ओळखतो. शंख, चक्र, गदा, पद्म दिसले की तो विष्णू. आणि ही चार आयुधे कोणत्या हाती कोणत्या क्रमाने आहेत, यावरून केशव, नारायण, माधव अशा चोवीस मूर्तींचा भेद शास्त्रकारांनी सांगितला आहे. ख्रिस्ती चित्रकारांनी व मूर्तिकारांनीही आपल्या संतांसाठी अशीच चिन्हांची भाषा सिद्ध केली. नाताळच्या या पुण्यपर्वात त्या भाषेतील एक चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

येशूच्या बारा प्रेषितांपैकी ज्याच्याजवळ सुताराचा गुण्या आणि भाला दिसतो, तो थॉमस. मराठी बायबलातील थोमा. नुसता भाला इतर संतांच्याही हाती असतो. गुण्याची जोड मिळाली की ओळख पक्की होते.

थोमा हा शब्द अरामी भाषेतला, अर्थ जुळा. यहूदियात येशूंच्या जिवाला धोका होता. तरीही ते तिकडे निघाले, तेव्हा आपणही गुरूंबरोबर मरायला जाऊ, असे सोबत्यांना सांगणारा शिष्य हाच. पुढे येशू क्रुसावर गेले व तिसऱ्या दिवशी पुन्हा उठले. शिष्यांना त्यांचे दर्शन झाले तेव्हा थॉमस तेथे नव्हता. जखमांत बोट घातल्याखेरीज आपण मानणार नाही, असे तो म्हणाला. आठ दिवसांनी गुरू पुन्हा प्रकटले, त्यांनी जखमा पुढे केल्या, आणि थॉमसने त्यांना प्रभू व देव म्हणून वंदन केले. त्याने खरोखर स्पर्श केला, असे शुभवर्तमानात म्हटलेले नाही. मात्र इटलीच्या काराव्हाज्जोने सन १६०१ च्या सुमारास काढलेल्या चित्रात त्याचे बोट थेट जखमेत शिरलेले दिसते. जगाने त्याला ‘संशयी’ हे नाव कायमचे चिकटविले.

परंतु हाती गुण्या का? ते उत्तर तिसऱ्या शतकात सिरियाक भाषेत रचलेल्या ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात आहे. त्यातील कथेप्रमाणे थॉमस शिल्पी म्हणून भारतातील गोंडोफर्नीस राजाकडे आला. राजाने महाल बांधण्यासाठी द्रव्य दिले. थॉमसने ते सारे दीनदुबळ्यांना वाटून टाकले. महाल कोठे आहे, असे राजाने विचारताच तो परलोकी दिसेल, असे त्याने सांगितले. राजाने त्याला कारागृहात टाकले. इतक्यात राजाचा भाऊ गाद मरण पावला. स्वर्गात त्याने तो दिव्य महाल पाहिला आणि परत येऊन भावाला सांगितले. राजाचे डोळे उघडले. या राजाची नाणी एकोणिसाव्या शतकात वायव्य भारतात सापडली, म्हणून राजा खरा ठरला. भेटीला मात्र श्रद्धेचाच आधार आहे.

भाला हे त्याच्या मृत्यूचे चिन्ह. त्याच ग्रंथात सैनिकांनी त्याला भाल्यांनी मारल्याचे सांगितले आहे. केरळातील ख्रिस्ती परंपरेप्रमाणे तो इसवी सन ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला आणि सन ७२ मध्ये चेन्नईजवळच्या टेकडीवर हुतात्मा झाला. मैलापूरच्या सान थोमे चर्चमध्ये त्याची समाधी दाखवितात. मुंबईकर रोज ज्या ‘चर्चगेट’चे नाव घेतात, ते किल्ल्याच्या ज्या दरवाजावरून पडले, तो सन १७१८ च्या नाताळात खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे नेणारा होता. रोमन पंचांगात या संताचा सण पूर्वी २१ डिसेंबरला, नाताळच्या तोंडावर येई. सन १९६९ च्या सुधारणेनंतर तो ३ जुलैला गेला.

संशयाचे म्हणाल तर रणांगणावर अर्जुनाला मोह पडला नसता, तर गीतेचे अमृत आपल्याला कोठून मिळते? प्रामाणिक शंका गुरूच्या चरणांशीच नेते. जगाने थॉमसची शंका तेवढी लक्षात ठेवली. मूर्तिकारांनी मात्र त्याच्या हाती दिला तो गरिबांच्या मुखी पडलेल्या घासांतून महाल उभारणारा गुण्या, आणि ज्याने प्राण घेतला तो भाला अलंकारासारखा. यापुढे वाचकांना अशी मूर्ती कोठे दिसली, तर त्यांनी क्षणभर थांबून तिचे हात पाहावे. आपल्या घरच्या द्रव्यातूनही तसा एखादा महाल उभा राहो, एवढीच या पर्वानिमित्त आमची प्रार्थना.