पुराणिकाच्या घरातील शाहीर

सिद्धेश्वराचे तळे आणि चादरी यांमुळे आपले सोलापूर सर्वांना ठाऊक आहे. पण मराठी लावणीला नवे वळण देणारा एक थोर शाहीर याच गावात जन्मला, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असेल? त्या शाहिराचे नाव राम जोशी.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, पेशवाईच्या काळात, एका विद्वान ब्राह्मण घराण्यात त्यांचा जन्म झाला. थोरले बंधू मुद्गल जोशी हे पुराणिक होते. घरात पोथ्या, श्लोक आणि सोवळे-ओवळे. राम जोशींचे कान मात्र डफ-तुणतुण्याकडे! गावातील धोंडी शाहिराच्या फडात ते जाऊन बसू लागले, कवने रचू लागले. पुराणिकाच्या भावाने तमाशात जावे, ही त्या काळी केवढी नामुष्की! अखेर थोरल्या भावाने त्यांना घराबाहेर काढले.

हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. ते पंढरपुरास गेले आणि तेथे बाबा पाध्ये यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, असे सांगतात. पंडित होऊन परतल्यावर ते पुराण-कीर्तन करू लागले. तरी डफाची ओढ सुटेना. मिळवलेली विद्या बरोबर घेऊनच ते पुन्हा फडात उभे राहिले.

त्यांचे वेगळेपण येथेच आहे. संस्कृत शब्द, यमके आणि अनुप्रास त्यांनी लावणीत आणले; पण त्यामुळे ठेका कोठे अडखळला नाही. शृंगाराबरोबर उपदेशाच्या आणि देवादिकांच्या लावण्याही त्यांनी रचल्या. एकाच लावणीत मराठी, कानडी, हिंदुस्थानी व संस्कृत गुंफण्याची करामतही त्यांनी केली. आपल्या बाजारातून एक चक्कर मारली तरी चार भाषा कानांवर पडतात. अशा गावच्या कवीला हे सुचावे, यात नवल नाही.

बारामतीचे कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) यांनी त्यांची योग्यता ओळखली व त्यांना कीर्तनाकडे वळविले. पंडितांच्या बैठकीत वाचल्या जाणाऱ्या मोरोपंतांच्या आर्या राम जोशींनी कीर्तनात रंगविल्या आणि त्या सामान्य माणसाच्या ओठांवर आल्या. फडातल्या गळ्याने पंडिताच्या काव्याला श्रोते मिळवून दिले! पुढे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांना मोठा लौकिक लाभला. १८१२ च्या सुमारास त्यांचे निधन झाले.

पण ही वाट त्यांच्याबरोबर संपली नाही. शतकभरानंतर श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी नावाचा तरुण तमाशात शिरला आणि पठ्ठे बापूराव म्हणून गाजला. १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट आला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचे संगीत आणि जयराम शिलेदारांची भूमिका यांमुळे राम जोशींचे नाव पुन्हा घरोघरी पोहोचले.

हे चरित्र वाचताना मी अंतर्मुख झालो. माझे आजोबा जत्रेतल्या तमाशात ढोलकी वाजवीत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या वर्षी वर्गात ओळख करून देताना आजोबा शेती करीत, एवढेच मी सांगितले. ते खोटे नव्हते. पण पुरते खरेही नव्हते. राम जोशी पोथीकडून ढोलकीकडे गेले, मी ढोलकीकडून पोथीकडे निघालो आहे. वाट तीच, फक्त दिशा उलटी. त्यांनी जाताना पोथी टाकून दिली नाही. मग मी तरी ढोलकी का लपवावी? फळीवरची ती ढोलकी मी परवाच खाली काढून पुसून ठेवली. वाजवायला अजून शिकायचे आहे.