इमाम बुखारी (रह.) : वार्ता पारखणारे जीवन

वाचकहो, जुम्याच्या प्रवचनात आपण ज्यांचे नाव वारंवार ऐकता, त्या इमाम मुहम्मद बिन इस्माईल बुखारी (रह.) यांचा जन्म शव्वाल १९४ हिजरीत (इ. स. ८१०) बुखारा येथे झाला. पितृछत्र बालपणीच हरपले, मातेने वाढविले. सोळाव्या वर्षी माता व बंधू यांच्यासह ते हजला गेले आणि विद्यार्जनासाठी तेथेच राहिले. पुढे बसरा, कूफा, बगदाद, शाम, मिसर असा प्रवास करून त्यांनी हजाराहून अधिक गुरूंकडून हदीस लिहून घेतली.

पैगंबरांचे वचन त्या काळी अनेक मुखांतून, दोनशे वर्षे ओलांडून कानी येत असे. ते खरे कशावरून? इमामसाहेब रावीची पारख करीत. तो सत्यवचनी आहे काय? त्याची स्मरणशक्ती पक्की आहे काय? ज्याचे नाव तो घेतो, त्याला तो खरोखर भेटला होता काय? दोघे समकालीन असणे एवढेच त्यांना पुरेसे वाटत नसे. गणितात जिला सशर्त संभाव्यता म्हणतात, तिचे मर्म याच्या जवळचे आहे: सांगणारा कोण, हे कळले की वार्तेवरील विश्वास वाढतो वा घटतो. या विषयावरील थॉमस बेझ यांचा निबंध १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. इमामसाहेबांनी आकडेमोड केली नव्हती, पण विवेक त्याच वाटेचा होता.

बगदादमध्ये दहा जणांनी शंभर हदीसच्या सनदी अदलाबदल करून त्यांच्यापुढे मांडल्या, असे इतिहासकार लिहितात. प्रत्येक वेळी त्यांनी आपणास हे ठाऊक नाही, एवढेच सांगितले आणि शेवटी एकेक सनद तिच्या मूळ वचनाशी जोडून दिली.

सुमारे सहा लाख रिवायतींतून, ज्यांत एकाच वचनाच्या अनेक सनदी होत्या, सोळा वर्षांत त्यांनी ‘सहीह’ सिद्ध केला. पुनरुक्तीसह त्यात सुमारे ७,२७५ हदीस आहेत. बुखाऱ्याच्या सुभेदाराशी मतभेद झाल्याने त्यांना शहर सोडावे लागले. २५६ हिजरीत (इ. स. ८७०) ईदच्या रात्री समरकंदजवळील खरतंक येथे त्यांचे निधन झाले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार केले. सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने वार्तेची शहानिशा करण्याची आज्ञा दिली आहे, ती अशा अनर्थापासून वाचण्यासाठीच. उद्या पावसाळ्यात बेलवलीत आपल्या मोबाइलवर बारवी धरणाविषयी भयावह संदेश आला, तर आधी विचारा: हे प्रथम कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले काय? वार्ता खोटी असती, तरीही ती अशीच पसरली असती काय? दहा जणांनी एकाच उगमाचा संदेश पुढे पाठविला, तर साक्षीदार एकच ठरतो.