पंडिता रमाबाई : दुःख आणि श्रद्धा

कोथरूडकडे जाणारा हमरस्ता महर्षी कर्वे यांच्या नावाने ओळखला जातो. हिंगण्याच्या माळावर १९०० साली उभारलेल्या झोपडीतून स्त्रीशिक्षणाचे केवढे कार्य विस्तारले, हे पुणेकरांना सांगावयास नको. कर्व्यांच्या सहधर्मचारिणी आनंदीबाई ज्या शारदा सदनात शिकल्या, त्या सदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई यांचे स्मरण मात्र याच शहरात काहीशा संकोचाने केले जाते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, या एका घटनेभोवतीच वाद घुटमळत राहिला. त्या श्रद्धेच्या आधारे त्यांनी आयुष्यातील दुःखे कशी पेलली, हा अधिक मोलाचा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या अरण्यातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि मातेकडून ती विद्या मुलीकडे आली. तीर्थयात्रा आणि पुराणकथन हाच या कुटुंबाचा जीवनक्रम होता. १८७०नंतरच्या दशकातील दुष्काळाने तो उद्ध्वस्त केला. होते नव्हते ते दानधर्मात वेचून झाले, व्रते आणि उपास झाले. तरीही आई, वडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने निवर्तली. उरलेली बहीणभावंडे पायी देशभर हिंडली. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून त्यांत निजण्याचा प्रसंगही त्यांच्यावर आला. या वणवणीतच परंपरागत श्रद्धेचा आधार रमाबाईंच्या मनातून ढळत गेला.

१८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी गौरविले. तथापि १८८० साली बंधू श्रीनिवास गेले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी विवाह केला. १८८२च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांनाही ओढून नेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि कन्या मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. पुण्यात काही काळ कार्य करून त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे बरोबरच्या मैत्रिणीने आत्महत्या केली. त्यानंतर २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याने त्यांच्या मनाचे समाधान झाले, असे समजणे चुकीचे ठरेल. धर्मसिद्धांतांविषयी त्या आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी निर्भीडपणे वाद घालीत राहिल्या. ईश्वरावरील नि:शंक भरवसा त्यांना लाभला तो आणखी आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास. आणि त्याची परीक्षाही लवकरच झाली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू केलेले शारदा सदन १८९०मध्ये पुण्यात आले होते. १८९३ साली धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, सल्लागार मंडळातील मान्यवर दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आप्तांच्या मृत्यूइतकेच समाजाने टाकून देणेही दुःसह असते. रमाबाईंनी सदन मात्र बंद केले नाही.

त्यांच्या श्रद्धेचे खरे स्वरूप १८९६-९७च्या दुष्काळात प्रकट झाले. मध्य प्रांतातील निराधार मुलींचे हाल त्यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले. भूक त्यांना ग्रंथांतून समजलेली नव्हती. शेकडो मुलींना त्यांनी आश्रय दिला. प्लेगच्या काळात पुण्यात निर्बंध आले, तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. गुजरातच्या दुष्काळानंतर, १९००च्या सुमारास, तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांच्या अन्नाची कायमची तरतूद हाती नसताना रमाबाई ईश्वरावर हवाला ठेवीत. परंतु त्याचबरोबर विहिरी खोदल्या जात, शेती पिकविली जाई, माग आणि छापखाना चाले. अंध स्त्रियांनाही वाचनाचे शिक्षण मिळे. ईश्वरावरील विश्वास म्हणजे हिशेबाची वही मिटून स्वस्थ बसणे नव्हे, हे केडगावच्या कारभाराने दाखवून दिले.

अखेरचा आघात सर्वांत कठोर होता. शारदा सदनाची धुरा वाहणारी आणि आईच्या पश्चात संस्था सांभाळील असे वाटणारी मनोरमा १९२१च्या जुलैमध्ये मिरजेस निवर्तली. रमाबाईंची प्रकृती खालावली होती, श्रवणशक्तीही क्षीण झाली होती. तरीही मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले.

ईश्वरी इच्छा या शब्दांचा आपल्याकडे, कोणत्याही धर्मात, फार सैल वापर होतो. स्वतःच्या दुःखात ते शब्द धीर देतात. परक्याच्या दुःखासंबंधी उच्चारले की बहुधा आपल्या निष्क्रियतेवर पांघरूण घालतात. रमाबाईंनी ही सीमारेषा कसोशीने पाळली. स्वतःच्या वाट्याला आलेले वियोग त्यांनी ईश्वराच्या स्वाधीन केले, परंतु दुसऱ्याची उपासमार ईश्वराच्या माथी मारली नाही. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, श्रद्धेची ही कसोटी सर्वच धर्मीयांनी स्वतःस लावून पाहावी अशी आहे.