टेडी वेदरफोर्ड : ताजमध्ये वाजला, कलकत्त्यात संपला

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा म्हटला की आपल्या तरुणांना मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, ब्लॅक पँथर ही नावे लगेच आठवतात. टेडी वेदरफोर्ड हे नाव त्या यादीत नसते. तो पियानोवादक आणि बँडप्रमुख होता. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात त्याने हजारो सैनिकांना नाचवले. त्याची आठवण आपण ठेवायला हवी, असे आम्हाला वाटते.

टेडीचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ चा, व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटस या कोळसा खाणींच्या गावातला. किशोरवयात तो न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकला. तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्यांची शाळा वेगळी, रेल्वेचा डबा वेगळा, पाण्याचा नळही वेगळा. आपल्या वाचकांना हे जास्त समजावून सांगायला नको.

पुढे तो शिकागोला गेला. तिथल्या व्हेंडोम थिएटरात मूकपटांना साथ करणाऱ्या अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात तो वाजवू लागला. १९२६ मध्ये याच वृंदाच्या ध्वनिमुद्रणात लुई आर्मस्ट्राँगचा ट्रम्पेट आणि टेडीचा पियानो एकत्र ऐकू येतो. नाव होत होते, तरी त्याच वर्षी जॅक कार्टरच्या बँडबरोबर तो आशियाकडे निघाला. वय अवघे बावीस-तेवीस.

तो का गेला असेल? गावाकडे हलगीशिवाय वरात निघत नसे, पण हलगीवाल्याचे पान पंगतीत कुठे मांडले जायचे, हे आपण आजोबांकडून ऐकले आहे. अमेरिकेतही बँड काळ्यांचा, नाचणारे गोरे आणि बँडवाल्यांसाठी मागचे दार, असेच अनेक ठिकाणी होते. शांघायमध्ये मात्र टेडीला प्रतिष्ठा मिळाली. दलित साहित्याच्या चर्चेत ज्याचे नाव हमखास येते तो कवी लँग्स्टन ह्यूज १९३३ मध्ये त्याला तिथेच भेटला आणि पुढे आत्मचरित्रात त्याने टेडीविषयी लिहिले. १९३४ मध्ये अमेरिकेत जाऊन टेडीने बक क्लेटनचा बँड शांघायला आणला.

१९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो ताजमध्ये आला. त्याच्या बँडमध्ये गोव्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवत. हेच फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात गेले आणि त्यांनी 'आमचें नशीब' हा कोकणी चित्रपट काढला. अर्थात ताजचा तो हॉल काही कामगार वस्तीतल्या माणसासाठी नव्हता, हेही विसरू नये.

युद्ध सुरू झाल्यावर टेडी कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. शहर ब्रिटिश आणि अमेरिकी सैनिकांनी भरले होते. स्विंग म्हणजे जोरकस ठेक्याचे, नाचायचे जॅझ. सैनिकांना तेच हवे होते. टेडीच्या बँडमध्ये अँग्लो-इंडियन होते, नेपाळी ट्रम्पेटवादक जॉर्ज बँक्स होते, जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातून आलेले वादक होते. काळा माणूस प्रमुख आणि त्याच्या इशाऱ्यावर इतके वेगवेगळे लोक एकत्र वाजवताहेत, हे दृश्य त्या काळी साधे नव्हते. कारण समोरचे अमेरिकी सैन्यच वर्णानुसार विभागलेले होते. आसाममधून लेडो रस्ता बांधणाऱ्या अमेरिकी सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, त्यांच्या तुकड्या वेगळ्या. हुकूमशाहीविरुद्ध लढणाऱ्या सैन्यातला हा भेद मोडण्याचा आदेश निघाला तो १९४८ मध्ये.

आणि १९४३ मध्ये हॉटेलाबाहेर बंगालचा दुष्काळ होता. चौरंगीच्या फुटपाथवर माणसे उपाशी मरत होती आणि आत नाच चालू होता. बंगालमध्ये या दुष्काळाने सुमारे तीस लाख माणसे गेल्याचा अंदाज आहे. याचा दोष पियानोवाल्यावर टाकणे आम्हाला पटत नाही. धान्य कुणाला पोहोचवायचे हे ठरवणारे सरकार वेगळे होते. पण टेडीचे चरित्र सांगताना ही गोष्ट गाळली, तर उरते ती फक्त हॉटेलची जाहिरात.

२५ एप्रिल १९४५ रोजी कलकत्त्यातच कॉलऱ्याने टेडी गेला. वय ४१. दोन आठवड्यांनी युरोपातले युद्ध थांबले. त्याच्या बँडने कलकत्त्यात केलेली ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात. जॉर्ज बँक्स यांचे चिरंजीव लुई बँक्स पुढे मुंबईत स्थायिक झाले आणि भारतीय जॅझमधले सर्वात ठळक नाव बनले. तेही पियानोच वाजवतात.