दिवा विझला, नाव राहिले

लग्नाच्या वरातीत डोक्यावर पेट्रोमॅक्सच्या बत्त्या घेऊन चालणारी माणसे महाराष्ट्रातील जुन्या पिढीला आजही आठवतात. त्या बत्तीत शुभ्र प्रकाश देणारे मेंटल ही ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांची देणगी होय.

आउअर यांचा जन्म १ सप्टेंबर १८५८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील शाही मुद्रणालयाचे संचालक होते. आउअर यांनी हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांच्या मार्गदर्शनाखाली १८८२ मध्ये डॉक्टरेट मिळविली. दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये हा त्यांचा ध्यास. तोवर एकच मूलद्रव्य समजल्या जाणाऱ्या डिडिमियमचे विभाजन करून त्यांनी १८८५ मध्ये प्रासिओडिमियम व निओडिमियम ही दोन मूलद्रव्ये जगापुढे ठेवली.

त्याच वर्षी त्यांनी मेंटलचे पेटंट घेतले. क्षारांच्या द्रावणात भिजविलेले सुती जाळीदार कापड जाळले की ऑक्साइडचा सांगाडा उरतो आणि तो वायूच्या ज्योतीत तेजाने उजळतो, हे त्यामागील तत्त्व. मात्र पहिल्या मेंटलचा प्रकाश हिरवट होता आणि ते चटकन मोडत असे. १८८९ मध्ये कारखाना बंद पडला. आउअर यांनी हार मानली नाही. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण त्यांना गवसले. १८९१ मध्ये व्हिएन्नातील एका कॅफेबाहेर नवा दिवा उजळला आणि या मेंटलने बाजारपेठ जिंकली. पुढे थोरियमच्या शोधात असलेल्या या उद्योगाची नजर १९०९ मध्ये त्रावणकोर किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूकडे वळली.

विजेचे आव्हान ओळखून त्यांनी ऑस्मियम धातूच्या तंतूचा दिवाही तयार केला. तो १९०२ मध्ये विक्रीस आला; परंतु ऑस्मियम दुर्मीळ व महाग असल्याने लवकरच टंगस्टन वरचढ ठरले. बर्लिनमधील आउअर कंपनीने १७ एप्रिल १९०६ रोजी विद्युत दिव्यांसाठी एक नवा शब्द बोधचिन्ह म्हणून नोंदविला. ऑस्मियममधील ऑस आणि टंगस्टनच्या वोल्फ्राम या जर्मन नावातील राम मिळून झाला ओसराम.

या नोंदणीचे मोल कालांतराने कळले. पेटंटची मुदत ठराविक असते. भारतात ती अर्ज केल्यापासून २० वर्षे आहे. ती संपली की शोध सर्वांचा होतो. बोधचिन्हाची नोंदणी मात्र दर १० वर्षांनी नूतनीकरण करून अखंड टिकविता येते. दिवे, शेगड्या, शीतकपाटे, वातानुकूलन यंत्रे अशा प्रकाश, उष्णता व थंडावा देणाऱ्या वस्तूंची बोधचिन्हे आंतरराष्ट्रीय नीस वर्गीकरणानुसार ११ व्या वर्गात नोंदविली जातात. पहिल्या महायुद्धानंतर ओसराम नावाची मालकीही देशोदेशी विभागली गेली. ब्रिटनमध्ये ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे, तर जर्मनीत १९१९ च्या एकत्रीकरणातून उभ्या राहिलेल्या ओसराम कंपनीकडे राहिले.

विज्ञानाच्या क्षेत्रात मात्र नावाने आउअर यांना हुलकावणी दिली. यटर्बियमचे विभाजन करून त्यांनी घटकांना अल्डेबेरेनियम व कॅसिओपियम अशी नावे सुचविली होती. १९०९ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने फ्रान्सचे जॉर्ज उर्बेन यांच्या बाजूने कौल दिला. आज ती मूलद्रव्ये यटर्बियम व लुटेशियम म्हणूनच ओळखली जातात.

सिगारेट लायटरमध्ये ठिणगी पाडणारा मिश्रधातूही आउअर यांचाच. त्याचे पेटंट १९०३ चे. ४ ऑगस्ट १९२९ रोजी ऑस्ट्रियातील कॅरिंथिया प्रांतात त्यांचे निधन झाले.

ऑस्मियमचा तंतू दिव्यातून केव्हाच हद्दपार झाला. नावातले ऑस्मियम मात्र कायम राहिले. २०२० मध्ये ओसराम कंपनी ऑस्ट्रियाच्याच एएमएस या कंपनीच्या ताब्यात गेली आणि हे नाव आउअर यांच्या मायभूमीशी पुन्हा जोडले गेले.